मीटरवर ६५, चलनावर ६६ : खोटं कोण बोलतंय?

रेणापूर_नाका | रविवार, रात्री ९:४२

मंडळी, मोबाईलवर चलन आलंय. एक हजार. गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर बर्दापूरहून लातूरकडं येत होतो. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक पांढरी गाडी उभी दिसली. दिसली तेव्हा उशीर झाला होता. मर्यादा ६०, नोंदलेला वेग ६६. सोबत फोटो. फोटोत हेल्मेट घातलेला मी, हँडलला डब्याची पिशवी. नाकारायला जागा नाही.

पैशाचं दुःख आहेच, पण डोक्यात किडा वेगळा वळवळतोय. गाडी ११० सीसी, नऊ वर्षं जुनी, काट्याचं मीटर. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं मोबाईलमध्ये जीपीएसचं अ‍ॅप टाकलं आणि आम्ही दोघांनी औसा रोडला मीटर तपासलं. मीटर ७० दाखवायचं तेव्हा जीपीएस ६५. तेव्हापासून माझा हिशोब पक्का : मीटरवर ६५ म्हणजे खरे ६०. रोज जाता-येता काटा ६५ वर धरायचा आणि निवांत चालायचं. कायदाही पाळला जातो, वेळही वाचतो. गुरुवारीसुद्धा काटा ६५ वरच होता.

मीटर जास्त दाखवतं हे मी स्वतः तपासलेलं. मग मीटरवर ६५ आणि चलनावर ६६ कसं? पोलिसांची वेग मोजायची गन खोटी की मीटर खोटं?

जाता जाता : दिवाळीपासून गाडीचं अ‍ॅव्हरेजही पडलंय, ६० वरून ५८. पंपवाला मापात मारतोय असा दाट संशय आहे. त्याचा वेगळा धागा काढतो.

---

उदगीरी_एक्सप्रेस | रविवार, रात्री ९:५८

सर, गनच खोटी. सगळ्या गाड्यांची मीटरं जास्त दाखवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तर मीटरवर ७५ धरतो, आजवर एक पावती नाही. आपली गाडी १२० मारते, काटा पार टेकतो. तक्रार टाका सरळ.

---

अहमदपूरचा_मिस्तरी | रविवार, रात्री १०:२०

सर नमस्कार. दोन गोष्टी सांगा मग बोलू.

एक, चालत्या गाडीवर काटा थरथरतो का? दोन, दिवाळीच्या टायमाला पुढचा टायर बदललाव का?

माझ्याकडं लोक येऊलालेत, मीटर बिघडलं म्हनूलालेत. धापैकी सात जनाचं मीटर ठणठणीत असतंय. बिघाड खाली असतोय, चाकात नाहीतर केबलमधी.

---

रेणापूर_नाका | रविवार, रात्री १०:५१

मिस्तरी, तुम्ही ज्योतिष पण बघता का?

टायर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बदललाय. जुना पार गुळगुळीत झाला होता. आत्ता टॉर्च घेऊन खाली गेलो. टायरच्या कडेवर वाळलेला चिखल होता, तो सौभाग्यवतींच्या फडक्यानं पुसला (फडकं कुठलं होतं ते नंतर कळलं, तो विषय इथं नको). अक्षरं दिसली : ८०/१००-१७. चेनकव्हरवर कंपनीचा हवेचा स्टिकर आहे, अर्धा उडालाय, पण पुढच्या चाकाचा आकडा वाचता येतोय : ७०/१००-१७. म्हणजे पुढं मागच्या मापाचा टायर बसवलाय. दुकानदार म्हणाला होता, 'सर, हा जाड आहे, खड्ड्याला बरा, तेवढ्याच पैशात.' मला वाटलं, फायदाच झाला.

काटा थरथरतो. वर्षभर तरी थरथरतोय. ६५ म्हणजे तो ६२ ते ६९ मध्ये कुठंतरी नाचत असतो. मी आपला मधला धरतो.

---

उदगीरी_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:५५

मधला धरतो 😂 सर गणिताचे का?

---

रेणापूर_नाका | रविवार, रात्री १०:५७

मराठीचा.

---

वाळूजचा_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:३०

चहा घेता घेता वाचलं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं दुचाकीच्या सुट्या भागांत गेली, त्यामुळं हात शिवशिवले. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी टायरचं. ७०/१००-१७ म्हणजे रुंदी ७० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के म्हणजे तीही ७०, आणि रिम १७ इंचाची. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. वर आणि खाली ७०-७० मिळवा : व्यास ५७१.८. याच रीतीनं ८०/१००-१७ चा व्यास ५९१.८. परीघ काढला तर जुना साधारण १७९६ मिलिमीटर, नवा १८५९. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सहा सेंटीमीटर पुढं जायला लागली. फरक साडेतीन टक्के.

तुमच्या गाडीत मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मीटर बिचारं फक्त फेरे जाणतं. एका फेऱ्यात चाक किती जमीन कापतं हे त्याला कारखान्यातून निघताना एकदाच सांगितलेलं असतं. ते अजून १७९६ च धरून बसलंय.

पूर्वी मीटरच्या ७० ला खरे ६५ होते. आता त्याच ७० ला ६७ च्या थोडं वर. तुमच्या ६५ ला पूर्वी ६० होते, आता साडेबासष्ट. थोडक्यात मीटर अजूनही जास्तच दाखवतंय, फक्त दाखवण्यातला जास्तीपणा निम्म्यावर आला.

आणि सर, पंपवाल्याची माफी मागा. किलोमीटर मोजणारे आकडेही त्याच केबलवर फिरतात. टायर मोठा, फेरे कमी, म्हणून नोंदलेले किलोमीटर कमी. ६० भागिले १.०३५ करून बघा. ५८ येतं.

आता मीटर मुळात जास्त का दाखवतं. ही चूक नाही, तसं ठरवून केलेलं असतं. वेगमापकाचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, युरोपसह बरेच देश तो पाळतात. त्याचं सार असं की मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवणार नाही, आणि नमुना तपासणीत जास्त दाखवायचंच तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४, एवढंच. खरा वेग ६० असेल तर मीटर ६० ते ७० च्या मधे काहीही दाखवू शकतं, पण ५९ नाही. बनवणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. कोणी जाड टायर बसवणार, कोणी हवा जास्त भरणार, उन्हात मीटर तापणार. काटा अगदी नेमका लावला तर यातलं काहीतरी तो एखाद्या दिवशी रेषेच्या खाली ओढणारच. म्हणून तो काटा आधीच चार बोटं वर लावून ठेवतो. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११७ वा नियम वेग दाखवणारं मीटर बसवायला लावतो.

काट्याच्या मीटरची रचना अजून तीच आहे, ज्याचं पेटंट ओटो शुल्झे या जर्मन माणसानं १९०२ मध्ये घेतलं. केबल एक छोटं लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न चिकटता. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागं ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथं थांबते तिथं काटा. गंमत म्हणजे काट्याला आणि केबलला जोडणारा एकही दात नाही. किलोमीटरचे आकडे मात्र गरारीवर फिरतात, तिथं ओढाताण नाही. म्हणून एकाच डबीतली ही दोन भावंडं वेगवेगळं खोटं बोलतात. काटा सात टक्के पुढं असेल तर किलोमीटर एक-दोन टक्केच चुकत असतील, किंवा अजिबात नाही.

चुंबक म्हातारं झालं की काटा खाली येतो, स्प्रिंग ढिली पडली की वर जातो. कुठलं आधी होईल ते गाडीच्या नशिबावर. नऊ वर्षांच्या गाडीवर दोन वर्षांपूर्वीचा हिशोब धरून चालणं हीच तुमची खरी चूक. टायर नुसतं निमित्त.

---

अहमदपूरचा_मिस्तरी | सोमवार, सकाळी ८:०५

साहेबानं सगळं सांगितलं, मला काय ठिवलंच नाही.

एक राहिलं. झिजलेल्या टायरचा उलटा खेळ असतो. गोटा टायर लहान होतंय, फेरे जास्त, मीटर अजून जास्त दाखवतंय. सरांनी दोन वर्षामागं तपासलं तवा टायर अर्धा झिजलेला असंल. म्हंजी तवाचे ७०-६५ बी कोऱ्या टायरचे नव्हतेच.

आन थरथरीचं : केबल कोरडी पडली आसंल. काढून आणा, धा मिन्टाचं काम हाय.

---

वाळूजचा_निवृत्त | सोमवार, सकाळी ८:४०

मिस्तरी, नेमकं बोललात. घासून चार-साडेचार मिलिमीटर गेले तरी या मापाच्या चाकाला दीड टक्का फरक पडतो.

---

शेवंता_नांदेड | सोमवार, दुपारी १:१५

माझी स्कूटर डिजिटल मीटरची आहे. तिथं काटा नाही, थरथर नाही, आकडा एकदम ठाम. आणि तरीही खोटा. यजमानांना मागं मोबाईल घेऊन बसवून पाहिलं, मीटर ६० म्हणतं तेव्हा जीपीएस ५६. डिजिटल म्हणजे अचूक असं मला वाटायचं, पण ते फक्त चुकीचा आकडा स्वच्छ अक्षरात लिहितं.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची, रोज बालवाडीला सोडते. चार वर्षांखालचं मूल गाडीवर असेल तर वेग ४० च्या वर नको, असं वाचलं. हे खरं का? कारण मी ४० नं चालले की मागचे हॉर्न मारून जीव घेतात. एकानं तर शेजारून जाताना 'काकू, सायकल घ्या' म्हटलं. वय वर्षे तेहतीस, आणि काकू!

---

कायद्याचं_बोला | सोमवार, दुपारी २:०२

शेवंताताई, खरं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात ही भर घातली, वर्षभरानं म्हणजे १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. चार वर्षांपर्यंतचं मूल मागं असेल तर वेग ४० पेक्षा जास्त नको, मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. काकू म्हणणाऱ्यावर मात्र कुठलंच कलम नाही, क्षमस्व.

आता सरांच्या चलनाकडं. मर्यादा ठरते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ खाली, दंड कलम १८३ खाली. एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दुचाकीची कमाल मर्यादा अशी आहे : दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०, शहराच्या हद्दीत ६०, बाकी सगळ्या रस्त्यांवर ६०. बोर्डावर याहून कमी आकडा लिहिला असेल तर तो पाळायचा. कारला १०० चा बोर्ड बघून दुचाकीवाले त्याच्या मागं लागतात, ते चूक. तो आकडा आपला नाही.

कायदा खरा वेग बघतो. 'माझ्या मीटरवर इतकेच होते' हे उत्तर होत नाही, मीटर नीट ठेवणं ही गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी.

'गन खोटी' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गन रस्त्याच्या कडेला असते, गाडी सरळ तिच्या अंगावर येत नाही, जरा तिरपी येते. त्या तिरकसपणामुळं गन खऱ्यापेक्षा किंचित कमीच वेग मोजते. सर, तुमचे ६६ असतील किंवा त्याहून थोडे जास्त. कमी असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

---

उदगीरी_एक्सप्रेस | सोमवार, दुपारी २:१०

आता सरांनी गाडी समृद्धीवर घालावी. तिथं १२०.

---

कायद्याचं_बोला | सोमवार, दुपारी २:१४

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. जालन्याच्या नाक्यावरूनच परत पाठवतील.

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ८:३०

सगळं वाचलं. गणित छान आहे. पण मला कुणी सांगा, ६० आणि ६६ मधला फरक रस्त्यावर दिसतो कसा?

मी केज-अंबाजोगाई पट्ट्यातला. हंगाम चालू आहे. संध्याकाळी सातला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर असतो. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. समोरून गाडी आली, डोळ्यावर उजेड पडला की तो ट्रॅक्टर नाहीसाच होतो. मागच्या आठवड्यात मला तो कळला तो उसाच्या वासावरून आणि रस्त्यावर पडलेल्या वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यावरून. वाढ्यावर चाक गेलं की साबणावर गेल्यासारखं सरकतं. आणखी महिनाभरानं रोही (नीलगायी) रस्त्यावर यायला लागतील, रब्बीची पिकं निघाली की. आणि दसऱ्यानंतर सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं ते वेगळं.

कुणी तरी गणिती माणसानं सांगावं, सहा किलोमीटरनं काय बिघडतं.

---

वाळूजचा_निवृत्त | सोमवार, रात्री ९:१५

मांजराकाठ, करतो प्रयत्न.

कोरडा डांबरी रस्ता, ब्रेक चांगले. ट्रॅक्टर दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद धरू. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ताशी साधारण २१-२२ नं कमी होतो असं धरू, हे साध्या माणसाला जमणारं आहे.

६० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी १६.७ मीटर जाते, मग ब्रेकवर २३ मीटर. एकूण ४० मीटरच्या आत थांबली.

६६ च्या वेगात सेकंदाला १८.३ मीटर, ब्रेकवर २८. एकूण ४६ च्या वर.

सहा-साडेसहा मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आता असं बघा. ६० वाला जिथं थांबला, तिथं ६६ वाला अजून थांबलेला नाही. तिथून तो जात असतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३२ च्या आसपास असतो. ट्रॉली तिथंच असेल तर पहिला ट्रॉलीला पाय टेकवून शिवी देतो. दुसरा ३२ च्या वेगानं उसात घुसतो. काळ्या मातीचा चिखल असेल तर दोघांचेही आकडे वाढतात.

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:२२

बरं.

---

शेवंता_नांदेड | सोमवार, रात्री ९:४०

हे वाचून यजमानांना दाखवलं. ते गप्पच झाले.

---

रेणापूर_नाका | बुधवार, रात्री ९:०५

अहवाल.

मंगळवारी शाळेत शिपाईमामांना सांगितलं, सुटल्यावर जरा मागं बसा. मामांना वाटलं, कुठं चहा प्यायला नेतोय. त्यांच्या हातात मोबाईल दिला, जीपीएसचं अ‍ॅप लावलं आणि सांगितलं की मी ओरडलो की आकडा वाचा. गाडी चालवताना स्वतः मोबाईल बघणं म्हणजे चलन टाळण्यासाठी दवाखाना गाठणं, म्हणून मामा. सरळ, सपाट तुकडा निवडला. प्रत्येक वेगाला मनात तीसपर्यंत मोजेस्तोवर काटा एका जागी धरायचा, कारण वेग बदलत असला की जीपीएस मागून येतं.

मीटर ४० ला मामा म्हणाले ३८. ५० ला ४८. ६० ला 'सत्तावन्न... अठ्ठावन्न... सत्तावन्न'. ६५ ला ६२, मग ६३. ७० पर्यंत गेलो नाही, मामांनी खांदा धरला.

मग निवृत्त साहेबांचा मान राखून दुसऱ्या पद्धतीनंही तपासलं. परतीच्या वाटेवर किलोमीटरच्या दगडांवरून. काटा ६० ला धरला, एका दगडापाशी मामांनी स्टॉपवॉच दाबलं, पाच दगड पुढं जाऊन थांबवलं. ५ मिनिटं १४ सेकंद. म्हणजे ३१४ सेकंदांत ५ किलोमीटर, ताशी ५७ च्या जरा वर. एकाच किलोमीटरवर केलं असतं तर दगड दहा-वीस पावलं इकडंतिकडं बसवलेला असला तरी हिशोब बिघडला असता, म्हणून पाच. एक दगड बोरीच्या झुडपात गेलाय, तो मामांनी हेरला.

साहेब, तुम्ही कागदावर साडेबासष्ट म्हणाला होता, मामांनी ६२-६३ वाचले. दंडवत.

आता राहिलेला हिशोब. गुरुवारी काटा ६५ वर होता असं मी छातीठोक लिहिलं. ६५ म्हणजे साडेबासष्ट. चलनावर ६६. मधले साडेतीन कुठून आले? टायरचे अडीच मोजून झाले, मीटर त्याच्या हद्दीत आहे, गन कमीच मोजते. गुरुवारी तिथं उतार होता. काटा ६२ ते ६९ मध्ये नाचत होता आणि मला ६५ दिसले, कारण मला ६५ च बघायचे होते. उरलेले साडेतीन माझे आहेत.

आणखी एक कबुली. पूर्वी मी काटा ६० लाच धरायचो. तेव्हा खरा वेग ५६ च्या आसपास असणार. मीटर जास्त दाखवतं हे कळलं त्या दिवसापासून तो फरक मी आपला समजून खर्च करायला लागलो. बनवणाऱ्यानं टायरसाठी, उन्हासाठी ठेवलेली शिल्लक होती ती.

---

उदगीरी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ९:३०

सर, तुमच्यामुळं मी पण मित्राला मागं बसवून तपासलं. रस्ता मोकळा होता, फार नाही, मीटरवर ९० पर्यंतच गेलो. जीपीएस ८२.

म्हणजे मी कॉलेजभर सांगत होतो ते १२० म्हणजे ११० सुद्धा नव्हते. मित्रानं आत्ताच ग्रुपवर टाकलंय. आता मला 'एकशेनऊ' म्हणतात.

---

अहमदपूरचा_मिस्तरी | बुधवार, रात्री ९:४४

भाऊ, ९० बी कमी नाही. टायरचा फोटू टाक तुझ्या.

---

कायद्याचं_बोला | बुधवार, रात्री ९:५०

एकशेनऊ, तू ९० ला होतास तो चौपदरी असला तरी ८२ हे मर्यादेच्या वर आहे. पुरावा तूच अपलोड केलायस.

---

उदगीरी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ९:५१

प्रतिसाद खोडता येतो का इथं?

---

रेणापूर_नाका | रविवार, सायंकाळी ६:३०

अहमदपूरला जाणं झालं. मिस्तरींचं गॅरेज सापडायला वेळ लागला नाही, बाहेर चार मीटरच्या डब्या उघड्या पडल्या होत्या.

चाकापाशी केबलची चकती सोडवली, वरून मीटरखालचा आटा फिरवला आणि आतली तार ओढून काढली. तार बाहेर आली ती तांबूस, गंजलेली, मधेच एका जागी किंचित मुडपलेली. मिस्तरींनी ती फरशीवर ठेवून तळव्यानं लोळवली. सरळ तार गोल लोळते, ही त्या एका जागी उडी मारत होती. 'ही उडी म्हंजी तुमचं बासष्ट ते एकोनसत्तर,' म्हणाले. नवी तार घातली. ग्रीस बोटानं लावलं, पण वरची चार बोटं कोरडी ठेवली. तिथं लावलं तर ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि वाटी-चुंबक बरबटून टाकतं म्हणे.

टायरचं विचारलं. ८०/१०० पुढं चालतो, घासत कुठं नाही, पण हँडल जड होतं आणि मीटरचं गणित बिघडतं. तीन हजार किलोमीटर झालेला टायर फेकवत नाही, म्हणून तो मागं घातला. तिथं हेच माप लागतं आणि मागचाही उतरायला आलाच होता. पुढं ७०/१०० कोरा. चलनाचे हजार, टायरचे वेगळे, तारेचे वेगळे. मिस्तरींनी तारेचे घ्यायला नको नको केलं, दिले.

येताना चापोलीपासून काटा बघत आलो. ६० म्हटलं की ६०, खिळ्यानं ठोकल्यासारखा. नव्या टायरवर मामांना घेऊन पुन्हा तपासायचंय, पण मामा म्हणालेत, आधी चहा.

पेट्रोल संपत आलं होतं, आपल्या नेहमीच्या पंपावर थांबलो. पोरगा ओळखीचा हसला. तीन महिने मी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होतो ती त्याला कळली असेल का कोण जाणे. काही बोललो नाही. दोनशेचं टाक म्हटलं, आणि या वेळी शून्य बघितलं नाही.